वाटणी फायनल २

आमच्या अब्बांचं करमाळ्यात तहसील कचेरीसमोर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. आधी दोन टाइपरायटर, मग एक काँप्युटर. प्रतिज्ञापत्र, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज, वारसनोंदीचा अर्ज, शाळेचा दाखला हरवल्याचा अर्ज, असली कामं. मी शाळा सुटल्यावर दुकानात बसायचो आणि अब्बांनी फाइलींना दिलेली नावं बघून हसायचो. 'शेख अर्ज', 'शेख अर्ज २', 'शेख अर्ज नवीन', 'शेख अर्ज खरा'. तालुक्यात शेख किती आहेत हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यांच्या खालोखाल तांबोळी, मुलाणी, पठाण. तेव्हा 'शेख अर्ज' म्हणजे नेमका कोणाचा, हे फक्त अब्बा सांगू शकायचे, आणि कधीकधी त्यांनाही फाइल उघडून बघावी लागायची.

आमच्या तालुक्यात गावांचंही असंच झालंय. उजनी धरणाचं पाणी आलं, गावं उठली, माणसं जागा मिळेल तिकडं वसली. नावं तीच राहिली, पुढं आकडे लागले. वांगी नंबर १, वांगी नंबर २, वांगी नंबर ३. केत्तूर नंबर १, केत्तूर नंबर २. पत्ता लिहिताना आकडा चुकला की पत्र भलत्याच वांगीला जातं. नाव ठेवणाऱ्याचं यात काही चुकलं नव्हतं. एका नावाच्या दोन गोष्टी झाल्या की माणूस आकडाच लावतो.

पुढं मी पुण्याला सॉफ्टवेअरच्या नोकरीत लागलो. तिथं पहिल्याच आठवड्यात 'गिट' नावाची प्रणाली वापरायला शिकलो. तुम्ही या क्षेत्रातले नसाल तर थोडक्यात सांगतो, कारण पुढची हकीकत त्यावरच उभी आहे.

दहा माणसं मिळून एक प्रोग्रॅम लिहीत असतील, तर कोणी कधी काय बदललं याची नोंद ठेवावी लागते. ही नोंद ठेवणाऱ्या बऱ्याच प्रणाली आहेत. लिनक्सवाल्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट तयार केली, कारण तोवर लिनक्सचं काम ज्या बिटकीपर प्रणालीवर चालायचं तिचा फुकट वापर बंद झाला होता. गिटची खुबी अशी की फाइल आत साठवताना माणसानं दिलेलं नाव ती बाजूला ठेवते. फाइलीतला मजकूर घेते, त्याच्या पुढं 'हा मजकूर आहे, इतक्या बाइटांचा आहे' एवढा छोटा मथळा लावते, आणि ते सगळं एका गणितातून काढते. त्या गणिताचं नाव एसएचए-१. बाहेर पडतं चाळीस अक्षरांचं एक नाव, शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढ्याच चिन्हांचं. याला हॅश म्हणतात. मजकूर त्या नावानं साठवला जातो. पहिली दोन अक्षरं फोल्डरचं नाव, उरलेली अडतीस फाइलीचं. 'शेख अर्ज' हे आपण दिलेलं नाव वेगळ्या यादीत लिहिलं जातं आणि त्यासमोर ते चाळीस अक्षरी नाव टाकलं जातं.

म्हणजे नाव बाहेरून दिलेलं नाही, आतल्या मजकुरातूनच निघालेलं. मजकूर तोच असेल तर करमाळ्यात काढा की कॅलिफोर्नियात, नाव तेच येणार. ज्या फाइलीत काहीच लिहिलेलं नाही, तिचंसुद्धा जगभर एकच नाव आहे, ई-६-९-डी-ई-२-९ अशा अक्षरांनी सुरू होणारं. दहा ठिकाणी दहा नावांनी एकच मजकूर ठेवला तरी गिट तो एकदाच साठवते. आणि मजकुरात एक टिंब जरी बदललं तरी नाव मुळापासून बदलतं. थोडंसं बदललंय म्हणून थोडंसं वेगळं नाव, असं होत नाही.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमचे दादा आठवले. दादा म्हणजे अब्बांचे वडील. त्यांना अबजद येत होतं. अलिफचा एक, बेचे दोन, जीमचे तीन, दालचे चार, असं करत ग़ैनचे हजार. शब्दातल्या अक्षरांची बेरीज करायची. अब्बांच्या दुकानाच्या पाटीवर होतं तसं ७८६ तुम्ही ट्रकवर, रिक्षावर पाहिलं असेल. ती बिस्मिल्लाहच्या अक्षरांची बेरीज. जुन्या मशिदींच्या, मकबऱ्यांच्या शिलालेखांत असं एखादं वाक्य असतं की त्याच्या अक्षरांची बेरीज केली की बांधकामाचं हिजरी साल निघतं. मुलाचं नाव असं ठेवायचे की बेरजेत त्याचं जन्मसाल यावं. त्याला तारीखी नाव म्हणत. मजकुरातून आकडा काढायचा, ही कल्पना आमच्या घरात काँप्युटरच्या कितीतरी आधी होती.

पण दादांनीच मला तिची एक गंमत दाखवली होती. पाटीवर त्यांनी लिहिलं 'इल्म'. ऐनचे सत्तर, लामचे तीस, मीमचे चाळीस. एकशे चाळीस. मग लिहिलं 'अमल'. तीच तीन अक्षरं, क्रम वेगळा. तेही एकशे चाळीस. दादा म्हणायचे, बघ, जाणणं आणि करणं हिशोबात सारखंच. नोकरीत लागल्यावर मला या गमतीचा दुसरा अर्थ कळला. दोन वेगळ्या मजकुरांतून एकच आकडा निघाला तर त्या आकड्यावरून मजकूर ओळखता येत नाही. अबजदमध्ये हे सहज होतं. एसएचए-१ मध्ये ते होऊ नये अशी रचना आहे. तिथं शक्य असलेल्या नावांची संख्या म्हणजे १४६ वर जवळपास सेहेचाळीस शून्यं.

तरी ते एकदा घडवून दाखवलं गेलंच. फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही गणित संशोधन संस्था आणि गूगल यांच्या लोकांनी एकच एसएचए-१ हॅश येणाऱ्या दोन वेगवेगळ्या पीडीएफ फाइली तयार केल्या. त्यासाठी नऊ अब्ज गुणिले एक अब्ज यांहून जास्त वेळा ते गणित करावं लागलं. त्यानंतर गिटमध्ये अशी फसवणूक ओळखणारी तपासणी घातली गेली, आणि २०२० पासून चौसष्ट अक्षरी नाव देणाऱ्या एसएचए-२५६ ची सोयही प्रयोग म्हणून आली. एवढी गणितं करण्याची ताकद आमच्या घराण्यात कोणाकडे नव्हती, म्हणून पुढच्या हकीकतीत ती शंका मी धरलेली नाही.

आता हकीकत.

दादा गेल्यावर २०१४ साली अब्बांनी आणि चाचांनी पेठेतल्या घराची वाटणी केली. भांडण नव्हतं. पुढं पोरांत होऊ नये म्हणून कागद केला. कुठल्या खोल्या कोणाच्या, जिना कोणाचा, हातपंप कोणाचा. अब्बांनीच दुकानात टाइप केला. वर्डमध्ये मराठी अक्षरं उड्या मारायची म्हणून ते मराठी मजकूर साध्या नोटपॅडमध्ये लिहायचे. दोन पानं झाली. दोन प्रती छापल्या, दोघांनी सह्या केल्या, एकेक प्रत घेतली. चाचांच्या पेनड्राइव्हवर अब्बांनी ती फाइलही घालून दिली.

चाचा २०१९ मध्ये गेले. अब्बा २०२१ मध्ये.

अम्मीचे गुडघे गेलेत. परसात संडास-बाथरूम बांधायचं मी ठरवलं. जागा होती ती परसातली चार फुटांची वाट, जिच्यावरून चाचांच्या घरातली माणसं मागच्या गल्लीत जातात. आमच्या कपाटातल्या कागदात वाटेचा उल्लेख नव्हता, परस आमच्याकडं होतं. मिस्त्री बोलावला, चुना टाकला. संध्याकाळी चुलतभाऊ आला. म्हणाला, कागदात लिहिलं होतं, परसातली वाट दोन्ही घरांच्या वापराची राहील. मी आमचा कागद दाखवला. त्यानं दोन्ही पानं उलटून बघितली आणि म्हणाला, "सही दुसऱ्या पानावर आहे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. सह्या फक्त शेवटच्या पानावर होत्या. पहिलं पान कोणीही, कधीही, पुन्हा छापून लावू शकला असता. आणि ज्याचं टायपिंगचं दुकान होतं तो तर सहज.

"तुमची प्रत आण," मी म्हणालो.

"वाळवी लागली," तो म्हणाला. "पेनड्राइव्ह आहे."

त्यानं तो रुमालात गुंडाळलेला आणून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "बडे अब्बांनी केलं असं मी म्हणत नाही. तू शिकलेला आहेस, तूच बघ." असं म्हणून तो गेला. पेनड्राइव्ह माझ्याकडं ठेवून गेला, हे लक्षात ठेवा.

रात्री अब्बांचा काँप्युटर लावला. वाटणीच्या नावाच्या पाच फाइली निघाल्या. 'वाटणी', 'वाटणी नवीन', 'वाटणी फायनल', 'वाटणी फायनल २' आणि 'वाटणी छोटा भाई'. पेनड्राइव्हवरच्या फाइलीला तर नावच दिलेलं नव्हतं, 'न्यू टेक्स्ट डॉक्युमेंट' असंच होतं. तारखांचा उपयोग शून्य. त्या काँप्युटरची आतली बॅटरी कधीची गेली होती, दर सकाळी तो १ जानेवारी २००२ ला जागा व्हायचा आणि अब्बा तसंच काम करायचे. सहाच्या सहा फाइलींवर तेच साल.

मी सहाही फाइली माझ्या लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये घेतल्या आणि गिटला दिल्या. सहा फाइलींची चार नावं निघाली.

'वाटणी' वेगळी, तो पहिला कच्चा मसुदा. 'वाटणी फायनल', 'वाटणी छोटा भाई' आणि पेनड्राइव्हवरची निनावी फाइल, या तिघींचं नाव एकच, चाळीसच्या चाळीस अक्षरं जुळली. 'वाटणी नवीन' वेगळी. 'वाटणी फायनल २' वेगळी.

'नवीन' आणि 'फायनल' शेजारी ठेवून वाचल्या. शब्द न् शब्द सारखा. पुन्हा वाचल्या. तरी सारखा. नावं मात्र वेगळी. अर्धा तास गेला तेव्हा सापडलं. 'जिन्याच्या पायऱ्या सामाईक राहतील' या वाक्यात फरक होता. मराठीतला 'ऱ' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तर तो स्वतःच एक अक्षर आहे, किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. आत बाइट वेगळे, म्हणून हॅश वेगळा. ('ऱ्य' लिहायची आणखी एक तिसरी रीतही आहे, ती वेगळीच.) दुकानातला पोरगा वेगळा कीबोर्ड वापरायचा. त्यानं तो शब्द टाइप केला असणार आणि अब्बांनी नंतर आपल्या पद्धतीनं. करमाळ्यात पायऱ्या म्हटलं की कमलादेवीची शहाण्णव पायऱ्यांची बारव आठवते. मला आता त्या शब्दातला 'ऱ' आठवतो. माणसाच्या लेखी फरक नाही, यंत्राच्या लेखी दोन वेगळे कागद. हॅशचा हा दोष म्हणा किंवा गुण. तो वाचत नाही, मोजतो. काय बदललं आणि त्यानं काही बिघडतं का, हे माणसालाच बघावं लागतं.

मग 'फायनल' आणि 'फायनल २' शेजारी ठेवल्या. इथं शोधावं लागलं नाही. 'फायनल'मध्ये पहिल्या पानाच्या शेवटी वाक्य होतं, परसातली वाट दोन्ही घरांच्या वापराची राहील. 'फायनल २'मध्ये ते नव्हतं. कपाटातला आमचा छापील कागद 'फायनल २'चा होता.

दुसरं पान दोन्हीत सारखंच. त्या पानावरच सह्या.

आता मला जे ठाऊक झालं ते मांडतो. चाचांना दिलेली फाइल आणि अब्बांची 'फायनल' एकच आहे, बाइटला बाइट. पेनड्राइव्हवर कोणी काही घुसडलेलं नाही. घुसडलं असतं तर तेच्या तेच अब्बांच्या काँप्युटरवर कुठून आलं असतं? पण सही झाली ती 'फायनल'वर की 'फायनल २'वर? दोघा भावांनी बसून ते वाक्य काढायचं ठरवलं, नवा कागद छापला आणि पेनड्राइव्हवर चुकून जुनीच फाइल गेली? की सह्या झाल्यावर कधीतरी अब्बांनी पहिलं पान बदललं? हॅश यावर गप्प आहे. दोन गोष्टी एकच आहेत की नाहीत, एवढंच तो सांगतो. खोट्या कागदाचाही हॅश खरा असतो.

गिटमध्ये ही वेळ येत नाही, कारण तिथं पानं एकमेकांत गुंफलेली असतात. सगळ्या फाइलींच्या नावांची यादी होते, त्या यादीला तिच्या मजकुरावरून नाव मिळतं, मग नोंद होते. त्या नोंदीत यादीचं नाव, आधीच्या नोंदीचं नाव, करणारा, वेळ आणि कारण. आणि त्या सगळ्यावरून नोंदीला नाव. मागचं एक पान बदललं की पुढची सगळी नावं बदलतात. म्हणून शेवटच्या एका नावावर सही केली तरी ती पहिल्या पानापर्यंत पोचते. कागदावर तसं होत नाही. कागदावर शेवटच्या पानावरची सही म्हणजे शेवटच्या पानावरचीच. अब्बांना हे चांगलं ठाऊक होतं. गिऱ्हाइकाला ते बजावून सांगायचे, हर पानावर सही कर, अंगठा तर अंगठा. सख्ख्या भावाच्या कागदावर मात्र त्यांनी ते केलं नाही. भावाला हर पानावर सही कर म्हणणं म्हणजे भरवसा नाही म्हणणं, असं त्यांना वाटलं असेल.

हल्ली कायद्यातही हॅश आलाय. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात त्याची व्याख्या आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यायचं, त्यात त्या फाइलीचा हॅश लिहायला जागा ठेवलीय. पण तो पुरावा जिथून पुढं जातो तिथून राखतो. त्याआधी काय झालं ते सांगत नाही.

आता जे लिहितो ते लिहायला मला जड जातंय. त्या रात्री पेनड्राइव्ह माझ्या हातात होता. भावाला हॅश म्हणजे काय ठाऊक नव्हतं. ती फाइल त्यानं उघडून पाहिली होती की नाही तेही मला ठाऊक नव्हतं. 'फाइल खराब झालीय' एवढं म्हणणं पुरेसं होतं, जुने पेनड्राइव्ह खराब होतातच. अब्बांचं नाव राखलं जाणार होतं आणि अम्मीचं बाथरूम होणार होतं. मी बराच वेळ तसाच बसलो. अब्बा खोटे होते असं मला वाटत नव्हतं, अजूनही वाटत नाही. पण ते खरे होते हे राखायला मी खोटं करायला निघालो होतो, हे काही केल्या जमेना.

फजरच्या सुमारास अम्मी उठली. तिला सगळं सांगितलं. हॅशबिश नाही, वाक्याचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "क्या रे, वो बाट कब बंद थी?"

मी म्हणालो, "कागदात नाही ना अम्मी."

"तेरे अब्बा का जनाज़ा उसी बाट से गया. आगे के दरवाज़े में पलटने को जगा नव्हती."

मला ते आठवत होतं. मीच खांदा दिला होता, पुढून डावीकडं. चाचांच्या अंगणातून, मागच्या गल्लीनं.

सकाळी भावाकडं गेलो. चारही मजकूर छापून नेले होते. कोणता कुठं सापडला ते सांगितलं, कपाटातला कागद 'फायनल २'चा आहे तेही सांगितलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "म्हणजे बडे अब्बांनी पान बदललं?"

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो. "हे यंत्र ते सांगत नाही. तुझ्या पेनड्राइव्हमधला कागद अब्बांनी स्वतःच्या हातानं दिलाय, एवढं नक्की. जो त्यांनी दिला तो मी मानतो."

तो म्हणाला, "अब्बा आणि बडे अब्बांचं काहीतरी ठरलं असेल नंतर. आपल्याला काय कळतंय." हे त्यानं माझ्यासाठी म्हटलं, हे मला कळलं.

बाथरूम आतल्या खोलीचा कोपरा काढून बांधलं. लहान झालंय, पण अम्मीला उंबरा ओलांडावा लागत नाही. 'वाटणी फायनल'चा मजकूर जसाच्या तसा पुन्हा छापला. दोन पानं, दोन प्रती, हर पानावर दोघांच्या सह्या. खाली मी त्या फाइलीचं चौसष्ट अक्षरी एसएचए-२५६ नाव हातानं लिहिलं. भाऊ वाकून बघत होता. "ये क्या लिख्या रे?" मी सांगितलं, हे या कागदाचं खरं नाव. आपल्या पोरांत कधी वाद झाला तर फाइल आणि हे नाव जुळवून बघतील. तो हसला आणि म्हणाला, "पोरं वाट चालू ठेवतील तर बास."

रविवारी परत निघालो तेव्हा जेऊर स्टेशनला तोच सोडायला आला. गाडी यायला वेळ होता. खिशातून पेनड्राइव्ह काढून मी त्याला परत दिला. फाइल तीच आहे, नावही तेच, 'न्यू टेक्स्ट डॉक्युमेंट'. बदलावं असं मनात आलं होतं, पण हात लावला नाही.